माझी एफडी फार वाढली आहे (बँकेतली नव्हे)

सुरंगी | मंगळवार, रात्री ११:१८

नमस्कार मंडळी. इथे एमआरआयवाले आणि प्रोग्रॅमिंगवाले दोघेही वावरतात, म्हणून धागा काढायचं धाडस करतेय.

गणपतीला देवगडला घरी आलेय आणि सोबत डेटा घेऊन आलेय, ही पहिली चूक. २८ माणसांचे रेस्टिंग-स्टेट एफएमआरआय (मेंदूचं काम टिपणारा एमआरआय) स्कॅन आहेत. टीआर (एका फोटोला लागणारा वेळ) २ सेकंद, प्रत्येकाचे २४० व्हॉल्यूम (अख्ख्या मेंदूचे फोटो, म्हणजेच फ्रेम). म्हणजे माणूस ८ मिनिटं नुसता पडून. एफएसएल सॉफ्टवेअरमधल्या एमसीफ्लर्टने डोक्याची हालचाल दुरुस्त केली आणि मग आमच्या लॅबमध्ये पिढीजात चालत आलेल्या पायथन स्क्रिप्टने फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट, म्हणजे एफडी (एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत डोकं किती हललं), काढली.

सगळ्यांची मिळून सरासरी साडेतीन मिलिमीटर!

पेपरांत ०.५ नाहीतर ०.२ मिमीच्या वरच्या फ्रेम टाकून देतात. त्या हिशोबाने माझ्याकडे एकही माणूस उरत नाही. आणि स्कॅन उघडून सिनेमासारखा पळवून बघितला तर डोकं जागच्या जागी. रेफरन्स (बाकीचे ज्याच्याशी जुळवायचे तो) म्हणून पहिला व्हॉल्यूम घेतला होता, तो बदलून मधला घेतला. सुरुवातीचे चार उजळ व्हॉल्यूम काढले. कॉस्ट फंक्शन (जुळणी मोजायचं सूत्र) बदललं. साडेतीनचे ३.४ झाले. इथे दिवसातून चारदा लाइट जाते, त्यामुळे प्रत्येक प्रयोग म्हणजे नवस. काय चुकतंय?

मालवणी_झील | रात्री ११:२६

गो बाय, माका वाटला बँकेतली एफडी वाढली म्हणून पेढे देतलस. साडेतीन टक्के व्याज तर आमच्या पतपेढीतय देयत नाय!

पडवीतला_पंडित | रात्री ११:४१

आम्हा अडाण्यांसाठी जरा इस्कटून सांगाल का? डोकं हललं तर हललं. फोटो थोडा हलका येईल. त्यात मिलिमीटरचं एवढं काय?

सुरंगी | बुधवार, पहाटे १२:०५

@पंडित, फोटो एकच असता तर चाललं असतं. इथे दर दोन सेकंदाला अख्ख्या मेंदूचा एक त्रिमितीय फोटो निघतो आणि आपण बघतो ते एकाच ठिपक्याचा उजेड वेळेनुसार कसा बदलतो ते. तो बदल मुळात टक्का-दोन टक्क्यांचा. डोकं जरा सरकलं तर त्या ठिपक्यात कालपर्यंत मेंदू होता तिथे आज पाणी येतं. कडेच्या भागात याने होणारा फरक खऱ्या सिग्नलला सहज गिळतो.

दुरुस्ती करताना डोकं टणक नारळासारखं मानतात, म्हणजे आकार बदलत नाही, फक्त सरकतं किंवा वळतं. त्यासाठी सहा आकडे पुरतात.

खारवी | सकाळी ७:१०

ते सहा आकडे आम्हाला कुणी शिकवायला नकोत. होडी पुढे-मागे जाते, बाजूला सरते, लाटेवर वर-खाली होते, हे तीन. नाळ उचलते-दाबते, कुशीवर कलते, तोंड फिरवते, हे तीन. झाले सहा.

दशांश_चिन्ह | सकाळी ९:३२

खारवींना शंभर पैकी शंभर. एएफएनआय नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या तीन वळणांना खरोखर होडी-विमानाचीच नावं आहेत, रोल, पिच आणि यॉ.

सुरंगी, तुमच्या एमसीफ्लर्टच्या पार फाइलमधली (त्यात प्रत्येक फ्रेमचे ते सहा आकडे असतात) कुठलीही एक ओळ इथे चिकटवा. आणि स्क्रिप्टमधली ५० ने गुणायची ओळही.

तर्कट | सकाळी १०:०२

हा सगळा खटाटोप करून मेंदूत 'विचार' दिसतो म्हणायचं. मेलेल्या माशाच्या मेंदूतही यांना विचार दिसला होता. थट्टा करत नाहीये, शोधून बघा.

मालवणी_झील | सकाळी १०:०९

मासो खयचो? बांगडो काय सुरमय?

दशांश_चिन्ह | सकाळी १०:४०

अटलांटिक सामन. बाजारातून आणलेला. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो 'दाखवले' आणि काही ठिपके 'पेटले'. २०१२ ला त्याला इग नोबेल (गमतीशीर संशोधनाचं बक्षीस) मिळालं. पण तर्कटराव, मुद्दा अर्धाच सांगू नका. हजारो ठिपक्यांची एकेक करून चाचणी घेतली तर काही योगायोगानेच लागणार, त्याची दुरुस्ती करा, हे सांगायला त्यांनी तो मासा घेतला होता. दुरुस्ती केल्यावर ठिपके गायब झाले. डोकं हलण्याशी त्याचा संबंध नाही. उलट तो या धाग्यातला एकमेव सब्जेक्ट आहे ज्याची एफडी शून्य मानायला हरकत नाही.

सुरंगी | दुपारी १:५५

लाइट आत्ता आली. ही ओळ:

-०.०००४१२  ०.०००१८७  ०.००००९३  ०.०२१४  -०.०३८७  ०.०५५२

स्क्रिप्टमध्ये पहिले तीन रकाने जसेच्या तसे घेतलेत आणि शेवटचे तीन ५० ने गुणलेत. वर कॉमेंट आहे: 'पहिले तीन सरकणं, पुढचे तीन वळणं'.

दशांश_चिन्ह | दुपारी २:०३

सापडलं.

ओळीकडे नुसतं बघा. पहिल्या दोन आकड्यांत दशांश चिन्हापुढे तीन शून्यं, तिसऱ्यात चार. हे मिलिमीटर असते तर तुमचा सब्जेक्ट माणूस नव्हे, जांभा दगड. आणि शेवटचा ०.०५५२ जर रेडियन असता तर ते तीन अंशांहून जास्त वळण झालं. तेवढं वळलेलं डोकं सिनेमात डोळ्यांना दिसलं असतं.

एमसीफ्लर्ट आधी वळणं देतो, रेडियनमध्ये, आणि नंतर सरकणं, मिलिमीटरमध्ये. एसपीएम हे दुसरं सॉफ्टवेअर बरोबर उलटं, आधी सरकणं, मग वळणं. एएफएनआयमध्ये वळणं आधी येतात, पण ती अंशांत. तुमची स्क्रिप्ट एसपीएमसाठी लिहिलेली आहे. ती तुमचं सरकणं ५० ने गुणतेय आणि वळणं जवळजवळ फेकून देतेय.

५० कुठून आला तेही सांगतो. अंशांची आणि मिलिमीटरची बेरीज होत नाही. म्हणून पॉवर आणि मंडळींनी २०१२ च्या पेपरात डोकं ५० मिमी त्रिज्येचा गोल मानलं आणि वळणाचं त्या गोलावरचं अंतर घेतलं. एक अंश वळलं की ०.८७ मिमी. ५० ने गुणायचं ते वळणांना, सरकण्याला नाही.

रकाने बदला आणि परत चालवा. एमसीफ्लर्ट परत चालवायची गरज नाही, नवस वाचला.

सुरंगी | दुपारी २:३१

सरासरी ०.११.

मी पडवीत बसून ओरडले, आई घाबरून बाहेर आली. दोन दिवस!! दशांश_चिन्ह, मोदक पोचवायचे कुठे?

पडवीतला_पंडित | दुपारी २:४०

मलाही कळलं! बैलगाडी आणि बैल यांच्या किमती मिसळल्या होत्या. धागा वाचनखुणेत साठवतोय.

कॉइलवाला | संध्याकाळी ६:२०

उशिरा आलो. रत्नागिरी जिल्ह्यात ११ वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे. आमच्याकडे एफएमआरआय होत नाही, साधा ब्रेन, स्पाइन, गुडघा. आणि आमच्याकडे हललेला स्कॅन मागाहून असा सरळ करता येत नाही. भुतासारख्या दुहेरी कडा येतात, मग तो सिक्वेन्स परत घ्यायचा.

'हलू नका' असं मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की माणूस ताठतो आणि दोन मिनिटांनी सैल पडताना हमखास हलतो. 'गिळू नका' हे तर त्याहून वाईट. ज्याला कधी आवंढा आठवत नाही त्यालाही आठवतो.

मागे एक आजोबा आले होते, जन्मभर रापण ओढलेले. पाठ जमिनीला टेकेना. दोनदा सिक्वेन्स वाया गेला. मशीनला शिव्या घालत होते, मला नाही, एवढंच समाधान. शेवटी गुडघ्यांखाली जाड उशी सरकवली. गुडघे उचलले की कंबर खाली टेकते आणि कंबर टेकली की मान सैल पडते. मग कानाशी दोन्ही बाजूंनी स्पंज नीट दाबून बसवला, आणि कपाळावरून कॉइलच्या (डोक्याभोवतीच्या पिंजऱ्याच्या) या कडेपासून त्या कडेपर्यंत कागदी चिकटपट्टी लावली. बांधायला नव्हे. डोकं हललं की पट्टी कातडीला ओढते, माणसाला स्वतःला कळतं आणि तो थांबतो. पुढची वीस मिनिटं आजोबा ढिम्म. बाहेर आल्यावर म्हणाले, "झोप बरी लागली, पण तुमचो भोंगो बंद करा."

डोकं हलण्याचा अर्धा उपाय मानेखाली नसतो, कमरेखाली असतो.

घावणे_आणि_रस | संध्याकाळी ७:०५

कॉइलवाला, प्रतिसाद खूप आवडला. कपाळाच्या पट्टीवर संशोधनही झालंय आणि ती उपयोगी ठरलीय. मुलांच्या स्कॅनमध्ये सिनेमा लावला तरी हालचाल कमी होते, पण तेव्हा ते रेस्टिंग-स्टेट राहत नाही, हा वेगळा वाद.

अवांतर: माझ्या एका मित्राची एफडी पाहून आम्ही सगळे जळायचो. ०.०२! नंतर कळलं, दुरुस्त केलेल्या डेटावर त्याने परत रीअलाइन (तीच जुळवाजुळव) चालवलं होतं आणि त्याची एफडी काढली होती. इस्त्री केलेल्या कपड्याच्या सुरकुत्या मोजल्यासारखं.

दशांश_चिन्ह | संध्याकाळी ७:३०

त्याच जातीची आणखी एक चूक. स्लाइस टायमिंगची (मेंदूचे काप वेगवेगळ्या क्षणी टिपले जातात, त्या फरकाची) दुरुस्ती आधी करून मग हालचाल मोजली तर हालचाल खरीपेक्षा कमी दिसते, कारण वेळेतल्या भरावाने झटके बोथट होतात. एफएमआरआयप्रेप हे सॉफ्टवेअर म्हणूनच हालचाल आधी मोजतं.

सुरंगी | रात्री १०:१२

आनंद फार टिकला नाही. दोन माणसं विचित्र आहेत.

७ नंबर: एफडी ०.३९. मधूनमधून मोठे झटके, बहुतेक डुलकी लागून मान पडलीय.

१९ नंबर: एफडी ०.१८, म्हणजे वाईट नाही. पण y दिशेच्या सरकण्याचा आलेख काढला तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी करवतीच्या दात्यांसारखी लाट. बाकी पाच रकाने शांत. दर अडीच फ्रेमला एक लाट, म्हणजे ५ सेकंद. असं कुणी ८ मिनिटं तालात डोकं हलवेल का?

मालवणी_झील | रात्री १०:१५

भजनाक बसलो आसतलो.

दशांश_चिन्ह | रात्री १०:५०

झील, हसून मेलो. पण उत्तर जवळच आहे, तालाचं.

सुरंगी, स्कॅनच्या माहितीच्या जेसन फाइलमध्ये फेज-एन्कोडिंगची दिशा (चित्र ज्या दिशेने ओळीओळीने भरलं जातं ती) बघा. j किंवा j- असेल तर ती तुमची y. मग ही लाट श्वासाची. छाती फुगली की डोक्यापाशी चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं, आणि ईपीआयमध्ये (एफएमआरआयच्या झटपट स्कॅन पद्धतीत) क्षेत्र बदललं की चित्र फेज-एन्कोडिंगच्या दिशेने सरकतं. डोकं जागेवर, चित्र हलतंय. एमसीफ्लर्टला दोन्ही सारखंच दिसतं.

आणि ५ सेकंदांवर जाऊ नका. टीआर २ सेकंद म्हणजे ०.२५ हर्ट्झच्या वरचं काही सरळ दिसतच नाही. मिनिटाला १८ श्वास म्हणजे ०.३ हर्ट्झ, ते दुमडून ०.२ वर येतं. ट्यूबलाइटखाली पंख्याची पाती उलटी फिरताना दिसतात ना, तसं. मिनिटाला १२ श्वास घेणारा आणि १८ घेणारा, दोघे तुमच्या आलेखात एकच दिसतील. पोटाला श्वासाचा पट्टा लावला होता का?

घावणे_आणि_रस | रात्री ११:१५

आता वाद घालतो. झटक्यांच्या फ्रेम काढून टाका म्हणतात सगळे, पण ७ नंबरचं काय करायचं? ०.५ चा उंबरठा लावून उरलेलं पाच मिनिटांच्या खाली गेलं, म्हणजे १५० व्हॉल्यूमही उरले नाहीत, तर मी सरळ बाद करेन. हालचालीने जवळजवळच्या भागांतला संबंध, म्हणजे त्यांचा उजेड किती एकसाथ बदलतो तो, फुगतो आणि दूरच्यांमधला घटतो, हे २०१२ मध्ये तीन गटांनी दाखवलं. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात, त्यामुळे 'वयानुसार मेंदूची जोडणी बदलते' म्हणून छापून आलेल्यातलं बरंच काही नुसतं हलण्याचं होतं.

माडाखाली | गुरुवार, सकाळी ८:४५

मी या क्षेत्रातली नाही. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं नाव एका अभ्यासासाठी घेतलं, स्कॅन झाला आणि मग 'डेटा वापरता आला नाही' असं कळवलं. त्यांना दोन दिवस वाईट वाटत होतं, आपण काहीतरी चुकलो असं. हलणाऱ्या आजारावर अभ्यास आणि त्यातून हलणारी माणसंच बाद, मग मागे उरतं कोण? जे कमी आजारी, तेच ना?

घावणे_आणि_रस | सकाळी ९:२०

@माडाखाली, खरं आहे आणि याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. बाद केलं तर नमुना एका बाजूला झुकतो, ठेवलं तर निकाल. मधला रस्ता म्हणून गटांच्या तुलनेत प्रत्येकाची सरासरी एफडी हिशोबात धरतात, पण आजारच हलवत असेल तर तेही पुरत नाही. माझं 'सरळ बाद करेन' जरा घाईचं होतं. वडिलांना सांगा, त्यांचं काही चुकलं नाही.

कॉइलवाला | सकाळी ९:४०

माडाखाली, कळवणाऱ्याने हेच वाक्य नीट सांगायला हवं होतं. आम्ही आमच्याकडे कंप असलेल्यांना औषधाची वेळ बघून बोलावतो. संशोधनात ते चालतं की नाही मला ठाऊक नाही.

तर्कट | सकाळी ११:१०

सहा आकड्यांनी चित्र जुळवलं की झालं ना? मग फ्रेम काढायच्या कशाला? 'दुरुस्ती' नाव कशाला दिलंय?

दशांश_चिन्ह | सकाळी ११:४५

पहिल्यांदाच सरळ प्रश्न विचारलात. जुळवल्याने ठिपका जागेवर येतो, त्याचा उजेड नाही. प्रत्येक स्लाइसला ठरावीक अंतराने रेडिओचा धक्का मिळतो. डोकं मध्येच सरकलं तर एखाद्या पेशीजालाला धक्का लवकर बसतो, एखाद्याला उशिरा, आणि उजेड पुढच्या काही फ्रेम बिघडलेला राहतो. शिवाय एक व्हॉल्यूम चालू असतानाच डोकं हललं तर अर्ध्या स्लाइस जुन्या जागेच्या आणि अर्ध्या नव्या. तो नारळ टणक राहिलाच नाही. म्हणून सहा आकडे, आधीच्या फ्रेमचे सहा, आणि या बारांचे वर्ग असे २४ आकडे रिग्रेशनमध्ये (हालचालीचा वाटा वजा करायच्या हिशोबात) घालतात. फ्रिस्टन आणि मंडळींची १९९६ ची युक्ती. तरीही उरतंच.

सुरंगी | शनिवार, रात्री ९:५०

दीड दिवसाचं विसर्जन झालं, पाहुणे गेले, आता बसले.

१) फेज-एन्कोडिंग j-. पट्ट्याची नोंद सापडली: १९ नंबरचे श्वास मिनिटाला १८. दशांश_चिन्ह, तुमच्या तोंडात मोदक पडो. २) ७ नंबरमध्ये ०.५ च्या वरच्या फ्रेम काढून १३८ व्हॉल्यूम उरले. बाद, पण कारण लिहून ठेवलंय.

आता खरी गोष्ट. त्या स्क्रिप्टच्या तळाशी एक ओळ आहे जी मी आधी वाचली नव्हती: 'आपल्या स्कॅनरला उंबरठा ५ ठेवा, नाहीतर कुणी उरत नाही.' म्हणजे लॅब एसपीएमवरून एफएसएलवर आली तेव्हा आधीच्या कुणालातरी माझ्यासारखेच साडेतीन दिसले होते. त्यांनी उंबरठा वाढवला आणि पुढे गेले.

चुकीच्या हिशोबात ७ नंबर ३.९ आणि १९ नंबर ६.८ होता. म्हणजे मान पाडून झोपलेला आत, आणि नीट पडून श्वास घेणारा बाहेर.

दशांश_चिन्ह | रात्री १०:२०

अरे देवा. आणि हे कुठेही पडणारं चुकीचं दान नाही. ती स्क्रिप्ट सरकण्याला ५० पट भाव देते, त्यामुळे y मध्ये श्वास दिसणारी माणसं नेमकी वर जातात. जाड छातीचे, खोल श्वास घेणारे. जुन्या बॅचमध्ये कोण कोण बाद झालं ते बघायला हवं.

(१९ नंबरचा y रकाना गाळणी लावून स्वच्छ करायच्या मोहात पडू नका. जलद टीआरला ते करतात, तुमच्या २ सेकंदांत दुमडलेल्या श्वासाबरोबर खरे झटकेही जातील.)

घावणे_आणि_रस | रात्री १०:३१

सरांना सांगितलंत का?

सुरंगी | रात्री १०:४४

मेल तीन वेळा लिहिला आणि खोडला. स्क्रिप्ट ज्यांची, त्या ताई मला फार चांगल्या वागवायच्या. शेवटी दोन्ही आलेख शेजारी ठेवून फक्त पार फाइलची ती एक ओळ वर चिकटवली आणि पाठवला. ताईंनाही सीसी केलं. सरांचं उत्तर पंधरा मिनिटांत आलं: 'जुना फोल्डर उघड. गणपती झाल्यावर ये, घाई नको.' ताईंचं अजून नाही.

मालवणी_झील | रविवार, सकाळी ८:०२

मगे, एफडी मोडलस काय ठेवलस?

सुरंगी | सकाळी ११:२५

ताईंचा फोन येऊन गेला. तासभर बोललो. ती ओळ त्यांनी लिहिलेली नव्हतीच, त्यांनाही कुणाकडून तरी आलेली. जुन्या बॅचच्या पार फाइली त्यांच्याकडेही आहेत, अर्ध्या त्या बघतायत, अर्ध्या मी.

तेव्हा सहा जण बाद केले होते. तिघांचे आलेख काढले, तिघांतही y वर लाट. चौथा काढताना लाइट गेली.